घर बरोबर घेऊन येणारे पाहुणे

दीर : वहिनी, आधी हिशेब ऐका, मग रागवा. आई-बाबा साताऱ्याहून येतात. व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिन्यांची मुदत मिळते. तेवढ्यात दोन मुलं, एक भाची आणि एक पुतण्या अशी चार घरं व्हायला हवीत, शिवाय अमेरिकाही थोडी दिसायला हवी. आम्ही डॅलसला, तुम्ही डेन्व्हरला; मध्ये ८०० मैल. पुढे यलोस्टोन, मग सॉल्ट लेक सिटीत आतेबहीण, खाली झायन, फिनिक्सला चुलतभाऊ आणि परत. सगळं मिळून साडेतीन हजार मैलांच्या आसपास. विमानानं करायचं तर प्रत्येक टप्प्याला सहा तिकिटं, बाबांची व्हीलचेअर, उतरल्यावर भाड्याची गाडी, रात्रीला हॉटेलच्या दोन खोल्या. बाबांना मधुमेह आहे, तासा-दीड तासाला थांबावं लागतं. उत्तर टेक्सासात एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत नुसतं गवत आणि पवनचक्क्या. आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, संडास बरोबर, इन्सुलिनला फ्रिज बरोबर, आईला पाठ टेकायला पलंग बरोबर. मुलांना ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माळा मिळाला की स्क्रीन आपोआप बाजूला पडते. एवढ्या गोष्टी एका भाड्यात दुसरीकडे कुठे मिळतात?

वहिनी : भाऊजी, तुम्ही पलंग मोजलेत, रस्ता मोजला नाहीत. सहा माणसांची क्लास सी म्हणजे तीस फूट लांब आणि बारा फूट उंच गाडी. ती साध्या लायसन्सवर मिळते याचं तुम्हाला कौतुक, मला धास्ती. एरवी सेडान चालवणारा माणूस एका सकाळी चावी घेतो आणि अर्ध्या तासाच्या माहितीवर हायवेला लागतो. नॉर्थ कॅरोलायनात डरहमला रेल्वेचा एक पूल आहे. त्याखालची उंची ११ फूट ८ इंच होती. वर्षानुवर्षं ट्रकांची आणि भाड्याच्या उंच गाड्यांची छपरं तिथं सोलून निघायची. शेवटी २०१९ मध्ये रेल्वेनं पूल आठ इंच उचलला, तरी गाड्या अडकायच्या थांबल्या नाहीत. तुमच्या वाटेत डरहम नाही, पण झायन आहे. तिथला १९३० चा बोगदा मैलाहून थोडा लांब आणि इतका अरुंद, की मोठी गाडी मधोमध चालवावी लागते आणि त्यासाठी समोरची वाहतूक अडवून धरावी लागत आली आहे. मॉन्टानातल्या ग्लेशिअर उद्यानात मुख्य घाटरस्त्यावर २१ फुटांहून लांब गाडीला मनाईच आहे. म्हणजे निसर्ग बघायला आणलेली गाडी नेमकी निसर्गाच्या दारात अडते.

दीर : अडते ते बरंच आहे. झायनच्या मुख्य दरीत २००० पासून उद्यानाची बस धावते आणि वर्षातला बराच काळ कुणाचीच खासगी गाडी आत जात नाही. लहान गाडीवाल्यालाही बसच घ्यावी लागते. आम्ही तळावर गाडी लावू, बसनं आत जाऊ, दुपारी ऊन चढलं की आई-बाबा परत येऊन आडवे होतील, मुलं नदीत खेळतील. हॉटेलात राहणाऱ्याला दुपारची ही विश्रांती मिळत नाही. तो सकाळी निघतो तो रात्रीच परततो. यलोस्टोनमध्ये तर आरव्हीचा फायदा आणखी स्पष्ट आहे. १८७२ पासूनचं हे उद्यान, आतला आठच्या आकड्यासारखा रस्ताच १४० मैलांच्या वर. ओल्ड फेथफुल गीझरचं पाणी उडायला साधारण दीड तासाचं अंतर असतं. एक वेळ चुकली तर बाबांना बाकावर ताटकळत बसवण्यापेक्षा गाडीत चहा करून पाजता येतो. रात्रीचा मुक्काम फिशिंग ब्रिजला. वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी त्या अख्ख्या उद्यानात त्याच एका तळावर आहे. आणि अस्वलांमुळे तिथं तंबू चालत नाही, पक्क्या भिंतींची गाडीच लागते.

वहिनी : आणि पेट्रोल? अशी गाडी गॅलनला आठ-दहा मैल देते. दहा धरले तरी साडेतीन हजार मैलांना ३५० गॅलन. मिनीव्हॅन पंचवीस मैल देते, तिला १४० गॅलन पुरतात. गॅलन तीन डॉलरचा धरला तर पेट्रोलमध्येच सहाशेहून जास्त डॉलरचा फरक पडला. त्यावर गाडीचं रोजचं भाडं, कित्येक ठिकाणी मैलामागे वेगळा आकार, रोजच्या तळाचं भाडं, गॅस, जनरेटर. स्वस्त म्हणून आरव्ही घेतात हा समज कागदावर मांडला की टिकत नाही.

दीर : स्वस्त म्हणून मी घेतच नाही. सहा माणसं एकत्र राहतात म्हणून घेतो.

पैशांचा मुद्दा इथं मिटतो, कारण दोघांनाही आकडेमोड येते आणि तिचं उत्तर एकच निघतं. मिटत नाही तो प्रश्न आरव्हीच्या मूळ आश्वासनाचा आहे : कुणावर अवलंबून न राहता हिंडण्याचा. या आश्वासनाला अमेरिकेत मोठा इतिहास आहे आणि दीर-वहिनी तो दोन टोकांनी वाचतात.

दीर : हे वाहन या देशाच्या स्वभावातून आलेलं आहे. १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांनी आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. दोनच वर्षांनी आयोवातल्या फॉरेस्ट सिटी नावाच्या लहानशा गावात विनेबेगो कंपनी निघाली. १९६२ मध्ये मॉन्टानातल्या बिलिंग्जला केओए या साखळीचा पहिला तळ सुरू झाला आणि रस्त्यालगत ठरावीक सोयींचे तळ देशभर उभे राहिले. इंडियानातल्या एल्कहार्ट परिसराचं तर पोटच या गाड्यांवर चालतं; २००८ च्या मंदीत गाड्यांची मागणी आटली तेव्हा तिथली बेकारी जवळपास वीस टक्क्यांवर गेली होती. हा श्रीमंतांचा नाद असता तर एक अख्खं गाव त्यावर उभं राहिलं नसतं. कारखान्यातला कामगार, शाळेतला शिक्षक, निवृत्त पोस्टमन यांनी या गाड्यांतून आपला देश पाहिला. आपण इथं बाहेरून आलो, तीस-तीस वर्षं नोकरी केली, आणि आपल्या माणसांना कामाचं गाव आणि विमानतळ यांच्या मधला देश कधी दाखवलाच नाही. तो दाखवायला हे वाहन मला योग्य वाटतं.

वहिनी : इतिहास थोडा मागून सुरू करा. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन आणि हार्वे फायरस्टोन हे पहिल्या महायुद्धाच्या काळापासून १९२४ पर्यंत उन्हाळ्यात मोटारींतून रानात मुक्कामाला जात. साधेपणाचं केवढं कौतुक झालं त्याचं! पण ताफ्यात आचारी होते, स्वयंपाकाची वेगळी गाडी होती. जॉन स्टाइनबेक यांनी १९६० मध्ये चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन ट्रकवर बसवलेल्या खोलीतून देश पालथा घातला आणि १९६२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा त्या खोलीपेक्षा मोटेल-हॉटेलांतले मुक्काम आणि बायकोबरोबरचे दिवसच बरेच निघाले. म्हणजे ‘आपल्या घरासकट एकटा माणूस’ हे चित्र काढणाऱ्यालाही ते पेललं नाही. आणि त्याच काळात दुसरी माणसं गाडीत खाणं, पांघरुणं, पाणी भरून निघत होती, कारण त्यांना वाटेत दार उघडत नव्हतं. हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ग्रीन या पोस्टमननं १९३६ पासून काळ्या प्रवाशांसाठी ‘ग्रीन बुक’ काढलं. कुठं झोपता येईल, कुठं जेवता येईल, याची यादी. त्यांना हवं होतं ते कुणाचं तरी दार. घर पाठीवर घेऊन हिंडणं त्यांच्या नशिबी आलं होतं आणि आपण ते हौसेनं करतो. म्हणून स्वातंत्र्य हा शब्द मी जरा जपून वापरीन. आज आपल्याला दार उघडतं. रस्त्यावरची निम्म्याच्या आसपास मोटेलं भारतीय वंशाच्या, बहुतेक गुजराती, कुटुंबांच्या हातात आहेत. आणि डेन्व्हरला तर मीच आहे.

दीर : दार उघडतं हे खरं, पण आत जाऊन राहायचं म्हणजे काय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सहा माणसं आली की दिवाणखान्यात गाद्या, दोन बाथरूमना दहा जणांची रांग, सकाळी दादाच्या मीटिंगा आणि आमच्या पोरांचा दंगा. चौथ्या दिवशी सगळे एकमेकांशी फार गोड बोलायला लागतात, तेव्हा समजावं की निघायची वेळ झाली. आरव्ही दारात असली की दिवसभर तुमच्याकडे, रात्री आपापल्या अंथरुणात. वारीत दिंडीचा ट्रक असतोच की! तंबू, सामान, स्वयंपाकाची भांडी घेऊन तो पुढे जातो, मुक्कामाला राहुट्या उभ्या राहतात. आपला बोजा कुणावर पडू नये म्हणून घर बरोबर नेणं आपल्याला नवीन नाही.

वहिनी : दिंडीचा ट्रक तुम्ही आणलात ते बरं झालं. ट्रक असतो, तरी वाटेवरच्या गावांत घरोघरी भाकरी भाजल्या जातातच ना? पंगत मांडली जाते, चहा पाजला जातो, पाय चेपून दिले जातात. कित्येक घरं त्या एका दिवसाची वर्षभर वाट बघतात. वारकऱ्यांची सोय त्यांच्याजवळ असते. तरी ते गावाला देऊ देतात. तुमच्या गाडीत ते देऊ देणं कुठं बसतं? गेल्या खेपेला मी थालीपिठाचं पीठ मळून ठेवलं होतं आणि तुम्ही गाडीतूनच नाश्ता करून आलात. मला त्रास नको म्हणून. तुमचा हेतू चांगला होता, पण पीठ सुकून गेलं.

दीर : तो नाश्ता आम्ही मुलांसाठी केला होता. लवकर उठली, भूक लागली. तुमच्या घरात सहा वाजता भांडी वाजवायची का?

वहिनी : तेच तर म्हणते. तो नाश्ता केला कुणी? जाऊबाईंनी. तुमच्या हिशेबात स्वयंपाकघर बरोबर असणं ही सोय आहे. तिच्या हिशेबात स्वयंपाकघरानं सुट्टीतही पाठ सोडली नाही. घरी चार शेगड्या, डिशवॉशर. इथं दोन-तीन बर्नर आणि चाळीस-एक गॅलनच्या टाकीतलं मोजून वापरायचं पाणी. हॉटेलात राहिला असतात तर निदान भांडी तिला घासावी लागली नसती. यलोस्टोनमध्ये सगळ्यांनी गीझर पाहिला आणि तिनं कुकरची शिट्टी मोजली, असं नको व्हायला.

दीर : उलटंही होतं, वहिनी. घरी काम भिंतीआड होतं, कुणाला दिसत नाही. गाडीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, म्हणून वाटूनही घेतलं जातं. मुलगा भांडी पुसतो, बाबा भाजी निवडतात. आणि डंप स्टेशनवर हातमोजे घालून संडासाच्या ब्लॅक टँकचा पाइप जोडायला कोण उभा असतो? मीच. मग सांडपाण्याचा ग्रे टँक, मग पाइप धुणं. ते काम तुमच्या जाऊबाईंच्या वाट्याला कधी आलेलं नाही.

वहिनी : ते काम तीन दिवसांतून एकदा, पंधरा मिनिटांचं. त्याचे किस्से मात्र पुढची दोन वर्षं पंगतीत ऐकू येतात. पोळ्यांचे किस्से कुणी सांगत नाही.

या टोल्यानंतर वाद वाहनातून बाहेर पडतो आणि वाहन जिथं लावायचं त्या दारात येतो. उपनगरांतल्या बहुतेक नव्या वसाहतींत रहिवाशांच्या संघाचे नियम असतात. घरासमोर आरव्ही मुक्कामाला ठेवायला अनेक संघ परवानगी देत नाहीत, काही ठिकाणी सामान चढवण्या-उतरवण्यापुरती सवलत असते. घरातल्या साध्या प्लगला वायर जोडली तर दिवे, फ्रिज चालतो, पण छतावरचा एसी सुरू केला की घरातला ब्रेकर पडण्याची शक्यता मोठी. नातेवाइकांच्या दारात फुकट गाडी लावण्याला आरव्हीवाले थट्टेनं ‘मूचडॉकिंग’ म्हणतात. त्या थट्टेचा खर्च यजमानाच्या पत्रपेटीत नोटिशीच्या रूपानं येऊ शकतो.

वहिनी : नोटिशीचं मी बघून घेईन. माझा आक्षेप तुमच्या वेळापत्रकाला आहे. उद्यानांतल्या तळांचं आरक्षण कित्येक ठिकाणी सहा महिने आधी उघडतं आणि भराभरा संपतं. म्हणून गेल्या खेपेलाही तुम्ही आधी यलोस्टोनच्या रात्री पक्क्या केल्यात, मग झायनच्या. त्या तारखा दगडावरची रेघ. उरलेल्या फटींत आम्ही. सॉल्ट लेकला ‘दुपारपर्यंत पोचू’, फिनिक्सला ‘जमलं तर दोन रात्री’, आणि मला ‘संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास’. वारा सुटला, गाडी पंचावन्नच्या वर नेता येईना, तुम्ही रात्री अकराला आलात. गीझरसाठी तुम्ही वेळेवर निघालात, सख्ख्या भावाच्या घरातून. जे आरक्षित करता येतं त्याला पक्की वेळ मिळते. जे फुकट आणि हक्काचं आहे ते उरल्यासुरल्या वेळेवर भागवतं. हे तुम्ही ठरवून केलं नाहीत. आरव्हीचा प्रवास आखायला बसलं की तो असाच आखला जातो.

दीर : हे मला लागलं, आणि खोटं म्हणवत नाही. पण दुसरी बाजू ऐका. नात्यात वेळ मागेपुढे चालते, म्हणून तर ते नातं. कॅम्पग्राउंडवाला अकरा वाजता थाळी वाढत नाही, तुम्ही वाढलीत. तुमच्याशी मला तारखेचा करार करावा लागत नाही, यात मी तुम्हाला कमी लेखतो असं का धरता? आणि आरव्ही नसती तर फिनिक्स आणि सॉल्ट लेक झालंच नसतं. एरवी आपण भेटतो कुठं? दोन वर्षांतून एकदा बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात, हजारो माणसांच्या गर्दीत, जेवणाच्या रांगेत, ‘किती मोठा झाला गं’ एवढंच बोलायला. त्या प्रवासात आतेबहिणीच्या मुलानं आमच्या पोरांबरोबर गाडीच्या माळ्यावर रात्र काढली. चुलत-आते भावंडं एकमेकांच्या लाथा खात झोपली, त्यांना आता एकमेकांची नावं पुन्हा विचारावी लागणार नाहीत. ती गादी दिवाणखान्यात घातली असती तर तो मुलगा आपल्या खोलीत दार लावून बसला असता.

वहिनी : ते मला पटतं. मुलांना तुमची गाडी हे कुणाचंच घर वाटत नाही, म्हणून ती तिथं पटकन एक होतात. मोठ्यांचंही थोडं तसंच असेल. एक कबूल करते. पहिल्या रात्री तुम्ही सगळे गाडीत झोपायला गेलात, तेव्हा मला हायसं वाटलं. ओटा आवरलेला, घर शांत, सकाळी आठची मीटिंग. पण लगेच मनात आलं, की साताऱ्याच्या घरात माणसं बाहेर झोपायला गेली म्हणून कधी कुणाला हायसं वाटलं असतं का? मी बदलले की घर बदललं, की नुसती उद्या रजा नव्हती?

दीर : रजा नव्हती. मला तर तेच उत्तर वाटतं. या देशात पगारी सुट्टी द्यायलाच हवी असा केंद्राचा कायदाच नाही. कंपनी देईल ती सुट्टी. तुमच्याकडे खोल्या चार आहेत, गाद्या आहेत, मन आहे. दिवस नाहीत. आम्ही घर घेऊन आलो ते तुमची जागा वाचवायला, पण जागा तुमच्याकडे होतीच.

वहिनी : म्हणजे जी अडचण नव्हती ती सोडवायला तुम्ही भाडं भरलंत. आणि जी होती ती या गाडीनं वाढवली. विमानानं दोन तासांत पोचला असतात. या गाडीनं येताना दोन दिवस, जाताना दोन दिवस. तुमचेही दिवस मोजकेच होते, ते रस्त्यानं खाल्ले.

दीर : रस्त्यानं खाल्ले म्हणू नका. त्या चार दिवसांत बाबा माझ्या शेजारी बसले होते. पट्टा लावून, समोर बघत. समोर बघत असले की ते बोलतात. आजोबांच्या कर्जाची हकिकत, दादाच्या शिक्षणासाठी विकलेलं शेत, मला आजवर माहीत नसलेलं कितीतरी बोलले. ते दिवस मी कुठल्या रकान्यात लिहू? दर्शनीय स्थळं की नातेवाईक?

वहिनी : शेत विकलं त्याचं तुमच्या दादांनाही ठाऊक नाही. ते डेन्व्हरला मीटिंगमध्ये होते. म्हणजे गाडीनं वेळ निर्माण केला तो गाडीतल्या माणसांसाठी. दारातल्या माणसांना त्यातला हिस्सा मिळाला नाही.

दीर : मग पुढच्या खेपेला क्रम उलटा करू. तुमच्या घरची तारीख आधी, सहा महिने आधी, पक्की. गीझर उरलेल्या दिवसांत. चालेल?

वहिनी : सहा महिने आधी माझी रजा मंजूर होत नाही, भाऊजी. सहा आठवडे आधीसुद्धा नक्की सांगता येत नाही. फिशिंग ब्रिजचा तळ तुम्हाला तारीख देऊ शकतो, मी देऊ शकत नाही.

दीर : मग दादालाच गाडीत घेतो. डेन्व्हर ते यलोस्टोन, बाबांच्या शेजारच्या सीटवर. त्याची रजा मिळेल?

वहिनी : कदाचित मिळेल. पण मग मी घरी एकटी कोणाचा पाहुणचार करू, आणि सहा झोपायच्या गाडीत सातवा कुठं झोपेल, याचाही हिशेब त्याच कागदावर मांडा.